देझिरे विठोबा

मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात आम्ही ज्या युनिटमध्ये राहायला गेलो, तिथे सगळ्यांच्या टपालपेट्या एकाच विटांच्या भिंतीत बसवलेल्या होत्या. सामान उतरवता उतरवता मी शेजाऱ्यांची नावं वाचत होते. आमच्या शेजारच्या पेटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, देझिरे विठोबा. मी पुन्हा वाचलं आणि समीरला हाक मारली.

"बोगस आहे," समीर म्हणाला. माझा नवरा एका बँकेत खोटे व्यवहार पकडण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे त्याला जिथे तिथे बोगसच दिसतं. पण त्या दिवशी मलाही त्याचं पटलं. पहिलं नाव अत्तराच्या बाटलीवरचं आणि आडनाव थेट विटेवरचं, हा काय प्रकार! कुणीतरी कुणाच्या तरी नावाने राहतंय, असं आम्ही ठरवून टाकलं आणि सोफा आत घेतला.

दोन-चार दिवसांनी शिरा केला होता, तो वाटीत घालून मी शेजारचं दार वाजवलं. खरं सांगायचं तर शिरा हे निमित्त होतं. दार साखळीपुरतं उघडलं. फटीत एक डोळा दिसला.

"हाय, वी जस्ट मूव्ह्ड इन नेक्स्ट डोअर," मी म्हटलं.

डोळ्याने वाटी पाहिली, माझं मंगळसूत्र पाहिलं, मग पुन्हा वाटी पाहिली. "काय पायजे?" आतून आवाज आला.

वाटी हातातून पडायचीच राहिली. "तुम्ही मराठी आहात?"

"तू हायस?"

"हो. पुण्याची."

"कशावरून?"

पुण्यात जन्मून, वाढून, भांडून मी ऑस्ट्रेलियात आले, पण मराठी असल्याचा पुरावा मला आजवर कुणी मागितला नव्हता. मी गोंधळून शिऱ्याकडेच बोट दाखवलं. ती म्हणाली, "आधी तू खा." मी पायरीवर उभी राहून दोन घास खाल्ले. मी जिवंत आहे अशी खात्री होईपर्यंत ती थांबली, मग साखळी काढली आणि वाटी घेतली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती हिरव्या मिरच्या भरून. "रिकामी देऊ नये," ती म्हणाली. "बघून घे. किडक्या न्हाईत. मागनं बोलू नको."

बारकीशी, ताठ, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, बारा महिने अंगात स्वेटर. वय सत्तरीच्या पुढचं. मी तिला मावशी म्हणायला लागले तेव्हा तिने लगेच हरकत घेतली, "तुझ्या आयेची भैन न्हाय मी." पण मी म्हणत राहिले आणि ती ओ देत राहिली.

हळूहळू जे कळलं ते असं. ती मॉरिशसची. तिचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला गेले होते. बंदरावरच्या साहेबाने नाव विचारलं, त्यांनी 'विठोबा' सांगितलं, आणि मागून येणाऱ्या सगळ्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. कोकणातलं जुनं मराठी घरात चार-पाच पिढ्या मुरत राहिलं, त्यात तिथली फ्रेंचमधून निघालेली क्रिओल बोली मिसळली. वाक्याची सुरुवात ती "आलोर" अशी करायची. आलोर म्हणजे 'बरं, मग'. ऐन तारुण्यात ती एकटीच मेलबर्नला आली आणि मोटारींच्या सीट शिवण्याच्या कारखान्यात जन्मभर काम केलं. आडनावाचा उलगडा झाला. पहिल्या नावाचं मात्र तिने काही सांगितलं नाही, आणि विचारलं तर "तुला कशाला?" हे उत्तर ठरलेलं.

तिचा संशय हा तिचा धंदाच होता म्हटलं तरी चालेल. फॉस्टर स्ट्रीटवरच्या किराणा दुकानात तिला येताना पाहिलं की काउंटरवरचा पंजाबी पोरगा हसू दाबायचा. ती दुधाची बाटली उजेडात धरून बघायची. कोथिंबिरीची जुडी सोडून आतल्या काड्या तपासायची. एकावर एक फुकट असं लिहिलेलं दिसलं की दोन्ही वस्तू खाली ठेवायची. "आंटीजी, फ्री है," तो म्हणायचा. "म्हनूनच," ती मराठीत उत्तर द्यायची, आणि ते त्याला बरोबर कळायचं. तिचं एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं होतं : 'गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडं न्हाय, हाताकडं बघ.' समीरने ते ऑफिसातल्या मीटिंगमध्ये इंग्रजी करून सांगितलं आणि टाळ्या मिळवल्या.

गणपतीला मी तिला मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. दारात नावनोंदणीला बसलेल्या बाईंनी तिचं नाव ऐकून पेन खाली ठेवलं. "देझिरे? म्हणजे तुम्ही... धर्म बदललात का? नाही, आमचं काही म्हणणं नाही हं. सहज विचारलं."

"तुमी खऱ्या मराठी कशावरून?" देझिरे मावशीने विचारलं.

त्या बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मागे रांग वाढायला लागली. शेवटी रांगेतला एक जण म्हणाला, "मावशी, सोडा ना, यू आर होल्डिंग अप द लाइन, मेट." ती आत गेली, आरतीला मागे भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मोदक पुढे आला तेव्हा वाढणाऱ्याला म्हणाली, "तू खाल्लास?" त्याने खाल्ला होता. तरी तिने अर्धा मोडून नाकाशी धरला. परत येताना गाडीत मी चिडून म्हटलं, "देवाच्या प्रसादावर तरी विश्वास ठेवावा माणसाने." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "देवाचा काय संबंध? मोदक मान्सांनी केलाय."

लग्न का केलं नाही, हेही तिने एकदा सांगितलं. कारखान्यातल्या एकाने, मॉरिशसच्याच एका तेलुगू मुलाने, मागणी घातली होती. चांगला होता, मेहनती होता. ती त्याला म्हणाली, "माझ्यात काय हाय? मीच का?" तो बिचारा विचार करायला लागला. "इचार कराय लागला," ती बोट वर करून मला म्हणाली. "खरं असतं तर इचार करावा लागला असता?" मी म्हटलं, अहो, कुणालाही करावा लागेल, समीरला आत्ता विचारलं तर तो सॉफ्टवेअर चालू करेल. तिला हसू आलं नाही.

मला दिवस गेले आणि आम्ही नावं शोधायला लागलो. इथे जन्मणाऱ्या आपल्या मुलांची नावं हा एक छळच असतो. आजीला म्हणता आलं पाहिजे आणि चाइल्डकेअरमधल्या मुलीलाही. एका शनिवारी मावशीच्या स्वयंपाकघरात बसून मी फोनवर नावांच्या साइट चाळत होते आणि उगीच तिचं नाव टाकलं.

"मावशी, काय सुंदर अर्थ आहे हो! फ्रेंच आहे, मूळ लॅटिन. देझिरे म्हणजे हवीहवीशी. जिची इच्छा धरली ती. पूर्वीचे ख्रिस्ती लोक फार वाट बघून झालेल्या बाळाला हे नाव ठेवायचे म्हणे."

ती मासे साफ करत होती. सुरी खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"मला ठावं हाय अर्थ. क्रिओल बोलते मी. बाजारात माशावर 'ताजा' अशी पाटी कोन लावतं? ज्याचा मासा ताजा न्हाय तो. ताज्या माशाला पाटी लागत न्हाय."

आणि मग, मासे तसेच ठेवून, हात न धुता, ती बोलायला लागली. तिला चार मोठ्या बहिणी. सुमती, इंदिरा, लीला, काशी. पाचवी ही. "चौघींची नावं आपली. मलाच कशापायी ह्ये?" नाव ठेवलं होतं शेजारच्या रोझने. रोझ तिथल्या आफ्रिकी वंशाच्या क्रिओल लोकांतली, चर्चला जाणारी, मूलबाळ नसलेली. आई देझिरेला कधी जवळ घ्यायची नाही. कुणी घरी आलं आणि 'ही पण तुझीच का' असं विचारलं की आई रोझच्या घराकडे बोट दाखवायची, 'ही त्या रोझची.' लहान असताना आत्याशी कशावरून तरी भांडण झालं, तेव्हा आत्या रागाने म्हणाली, "तू गप. तुला मूठभर तांदळाला इकली होती रोझला."

"पाचवी पोरगी," मावशी म्हणाली. "इकली. रोझनं नाव ठेवलं. मग रोझला बी नको झाली आसंन, म्हनून परत आली. मी कुनाला इचारलं न्हाय. इचारून काय? गोड बोलले असते."

म्हणजे दूध, मोदक, तो तेलुगू मुलगा, सगळ्याचा उगम इथे होता. मला रडू यायला लागलं. गरोदरपणात ते तसंही सारखं येतं. ती वैतागून म्हणाली, "तू कशापायी रडतीस? तुला कोन इकतंय?" आणि पुन्हा मासे घासायला लागली.

आई हल्ली साताऱ्याला असते. त्या संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी हे सगळं सांगितलं. आई भाजी निवडत ऐकत होती. मूठभर तांदूळ ऐकताच तिचा हात थांबला.

"अगं, हे तर आपल्याकडचंच आहे. माझे आजोबा कोंडिबा कसे झाले? त्यांच्या आधीची भावंडं जगेनात. मग हे जन्मल्यावर सुपात घातलं, शेजारणीला विकलं आणि कोंडा देऊन परत घेतलं. सटवाईला वाटावं की हे दुसऱ्याचं पोर आहे, किंवा कोंड्याच्या मोलाचं आहे. नाव पण शेजारणीनेच ठेवायचं. दगडू, धोंडू, कवडू ही सगळी तसलीच नावं. नकोशी म्हणून नाही गं विकत. जगावी म्हणून विकतात."

फोन ठेवला आणि मी तशीच शेजारी पळाले. मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुझी आये मला वळखते?"

"नाही."

"मंग मला बरं वाटंल आसं कशापायी बोलते?"

"मावशी, तिला काय मिळणार आहे? रिवाजच आहे तसा!"

"ज्याची पोरं मरतात त्याचा रिवाज. आमच्यात कोन मेलं? कोनी न्हाय. चौघी धडधाकट." तिने दार लावलं. साखळी लावल्याचा आवाजही आला. खरंच, मेलं कोण होतं? "सुमतीआक्काला विचारा ना," मी दाराबाहेरून म्हटलं. थोरली बहीण मॉरिशसमध्ये होती, दिवाळीला फोन व्हायचा. ती विचारणार नाही हे मला माहीत होतं. सगळं आयुष्य ज्या उत्तराच्या धाकात काढलं, ते ऐकायचं म्हणजे सोपं नाही.

मुलगी झाली. आई साताऱ्याहून आली, डिंकाचे लाडू घेऊन आणि विमानतळावर ते सगळे कस्टमवाल्यांना देऊन. घरी माणसांची रीघ लागली. समीरच्या टीममधली केली म्हणाली, "ओ, शी इज गॉर्जस!" आईने केलीसमोरच बाळाच्या गालाला काजळ फासलं आणि म्हणाली, "कसली गॉर्जस! माकड आहे नुसतं. कुरूप कार्टी." केलीला भाषांतर करून सांगायची वेळ आली तेव्हा समीर चहा करायला निघून गेला.

मावशी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. बाळाला अजून तिने हात लावला नव्हता. केली गेल्यावर तिने आईला विचारलं, "नातीला माकड म्हन्तीस. आवडत न्हाय?"

आई तिच्याकडे बघतच राहिली. "अहो, आवडते म्हणूनच! चारचौघांत माझी गुणाची, माझी देखणी म्हटलं की दृष्ट लागते. चांगलं असेल ते झाकून ठेवावं. तुमच्याकडे नाही असं?"

बाळाच्या गालावरच्या काजळाकडे मावशी किती तरी वेळ बघत होती. मग चहा तसाच ठेवून उठली आणि घरी गेली. आई मला म्हणाली, "माझं काही चुकलं का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं दार वाजलं. तिने स्वतःहून दार वाजवण्याची ही पहिलीच वेळ. डोळे सुजलेले, स्वेटर उलटा घातलेला.

"दोन पोरगे," ती म्हणाली. "काशीच्या आन् माझ्या मदी. दोन. एक पाळन्यात गेला, एक दात येताना गेला. मला कोनी सांगितलं न्हाय."

सुमतीआक्काला तिने फोन केला होता. पहिला प्रश्न ऐकल्याबरोबर आक्का रडायला लागली होती आणि मग एवढ्या वर्षांचं सगळं तिने सांगून टाकलं होतं. आक्का तेव्हा चांगली कळती होती. तिने स्वतः सूप धरलं होतं. बाळाला सुपात घालून परसदाराने रोझच्या घरात नेलं, मूठभर तांदळाला विकलं आणि तेवढेच तांदूळ देऊन पुढच्या दाराने परत आणलं. आई रोझला म्हणाली, आता तूच नाव ठेव, घाणेरडं ठेव, दगड ठेव, केर ठेव. रोझ म्हणाली, माझ्या उंबऱ्यातून जाणाऱ्या लेकराला मी असलं नाव देणार नाही. तिने स्वतःच्या, कधी न झालेल्या मुलीसाठी एक नाव जपून ठेवलं होतं, ते तिने दिलं. त्याचा अर्थ कळताच आत्या घाबरली. असं नाव ठेवलं तर ही लाडाची आहे हे सटवाईला लगेच कळेल की!

"तवा आये म्हनाली," देझिरे मावशी सांगत होती, "ठेव. सटवाई आपल्याबरबर रत्नागिरीस्नं आली. तिला फरान्सी कुटं कळतंय!"

माझी आई पटकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

"आन् मला का न्हाय सांगितलं?" मावशीचा आवाज चढला. "आयेनं सगळ्यांना आन घातली. हिच्या मांडीवर हिचं पोर येईस्तवर हिला सांगायचं न्हाय. तवर धोका टळत न्हाय. मांडीवर पोर! मी लगीनच केलं न्हाय. करनार कशी? कुनावर इस्वास ठेवून? म्हनून कोनी सांगितलंच न्हाय. आये बी गेली तशीच." ती खुर्चीत बसली. "सटवाईला फसवाय निघाली आन् मलाच फसवून बसली."

माझ्या आईने बाळाला उचललं आणि काही न विचारता मावशीच्या मांडीवर ठेवलं. मावशी तिला घेऊन बसून राहिली. बाळ झोपलेलं होतं.

यानंतर ती बदलली, गोड झाली, असं सांगायला मला आवडलं असतं. उलट पुढचे काही महिने तिचा संशय दुप्पट वाढला. दुकानातल्या पंजाबी पोराला तिने रडकुंडीला आणलं. माझ्यावरही ती चिडलेली होती, कारण सुरुवात मी केली होती. एकदा मला म्हणाली, "न्हाय कळलं असतं तर काय बिघडलं असतं? नकोशी हाय म्हनून जगाय शिकले होते मी. आता ह्या वयात दुसरं कुटं शिकू?" मला तेव्हा तिचा राग आला होता. आता येत नाही. एक मात्र झालं. दिवाळीची वाट न बघता ती आक्काला फोन करायला लागली. भिंतीपलीकडून रोज दुपारी भांडणाचा आवाज यायचा. एक प्रश्न संपला की दुसरा. रोझ रडली होती का? बापूस काय म्हनाला? सूप कुनाचं होतं? आक्काची साक्ष ती उलटसुलट तपासत होती. आक्का कुठे चुकते, हे बघत असणार.

समीरला ब्रिस्बेनला काम मिळालं आणि आम्ही तिथल्या स्प्रिंगफील्ड लेक्सला घर बघितलं. निघायच्या दिवशी ट्रकवाले सामान भरत होते. मी बाळाचा पाळणा घेऊन बाहेर आले तर मावशी तिच्या दारातल्या पायरीवर बसली होती, फोन मांडीवर, स्पीकर चालू. ऐकू कमी यायला लागल्यामुळे ती तशीच बोलायची. निरोप घ्यायला मी जवळ गेले. तिने हात वर करून मला थांबवलं.

"आक्का, एक इचारते. खरं सांग. गोड बोलू नको."

"इचार," पलीकडून थकलेला, म्हातारा आवाज आला.

"सगळ्यांसमोर रोझची म्हनायची, ते ठीक. पन घरात? दार लावून? कदी तरी आये मला 'माझी' म्हनाली?"

ट्रकवाला मला काहीतरी विचारत होता, मी त्याला खुणेने गप्प केलं.

"तू झोपल्यावर," आक्का म्हणाली. "तुझ्या कानाशी तोंड नेऊन. रोज म्हनायची. आमाला वाटायचं, आमाला कदी न्हाय म्हनत."

देझिरे मावशीने फोनकडे बघितलं. ती दुकानात बाटली उजेडात धरायची तेव्हा जसं बघायची, तसंच.

"खोटं बोलतीस," ती म्हणाली.

मावशीने फोन उचलून कानाला घट्ट लावला आणि माझ्याकडे पाठ केली.

"परत सांग," ती म्हणाली.